अडीच रुपयांच्या मिसळीचा हिशेब

पंचवटीतील आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी असलेले मिसळीचे एक लहानसे हॉटेल काही महिन्यांपूर्वी बंद झाले. वर्तमानपत्रात बातमी यावी असे त्यात काहीच नव्हते. ज्या वाड्याच्या ओसरीत ते चाले तो वाडा मोडकळीस आला होता, मालक वृद्ध झाले होते आणि त्यांच्या मुलांनी नोकरीची वाट धरली होती. तथापि त्या दिवसांत जुने शेजारी, शाळासोबती किंवा निवृत्त कारकून मंडळी भेटली, की बोलणे फिरून त्याच विषयावर येई. ‘तशी मिसळ आता नाही’ असे एकाने म्हणावे, आणि बाकीच्यांनी मान डोलवावी! प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणीची चव हीच खरी चव वाटते, हे ठाऊक असूनही प्रस्तुत लेखकानेही त्या सुरात आपला सूर मिळविला. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. कोणतीही वस्तू एके काळी स्वस्त होती असे कोणी म्हटले, की ती कोणाच्या जिवावर स्वस्त होती, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. त्या मिसळीची आठवण जशी मनात रेंगाळली, तसा हा प्रश्नही रेंगाळला; आणि त्याचे उत्तर शोधू जाता जे हाती आले ते मिसळीपुरते मर्यादित नाही, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम ते हॉटेल कसे होते ते सांगितले पाहिजे. कडप्प्याच्या फरशीची चार टेबले, त्यांना जोडून लांब बाकडी, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी आणि गल्ल्यामागे ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी. पाटी अशी असली तरी गल्ल्याच्या खणात उधारीची वही असेच. पहाटे भुशाची शेगडी पेटे आणि सहाच्या सुमारास काळ्या मसाल्याच्या फोडणीचा वास गल्लीभर पसरे. आमच्या नाशिकच्या मिसळीचा प्राण तो काळा मसाला. भाजलेला कांदा, खोबरे आणि खडे मसाले एकत्र वाटून केलेला तो रस्सा दिसायला उग्र, पण जिभेवर उतरला की त्याचा तिखटपणा हळूहळू उमगत जाई. खाली मोड आलेली मटकी, वर शेव-फरसाण, चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि दोन पाव. रस्सा संपला की पुन्हा मिळे. तो मागावा लागत नसे. हातात तांब्या घेतलेले मालक – सारे त्यांना अण्णा म्हणत – टेबलांमधून फिरत आणि रिकामी होत आलेली ताटली दिसली की न विचारता रस्सा ओतीत. १९८८ च्या सुमारास, मी प्राथमिक शाळेत असताना, या साऱ्याचे अडीच रुपये पडत.

त्या बाकड्यावर कोण बसे? नाशिक रोडच्या मुद्रणालयातील पहिल्या पाळीला निघालेला कामगार, भाजीबाजारातील हमाल, रामकुंडावरून स्नान-संध्या आटोपून आलेले गुरुजी, शाळेतील आमचे मास्तर आणि परीक्षेची फी भरून उरलेल्या पैशांवर आलेला एखादा विद्यार्थी. एकाच बाकड्यावर खांद्याला खांदा लावून ही मंडळी बसत. कारण दुसरी जागाच नसे. पलीकडच्याचे वर्तमानपत्र अलीकडच्याने वाचावे आणि त्यावर मत द्यावे, हा तेथला रिवाज. शहरातल्या प्रत्येक वस्तीला असे एखादे हॉटेल होते आणि प्रत्येकाचा भक्तगण वेगळा होता. पंचवटी कारंज्याची अंबिका थोर, की मेन रोडवरील भगवंतराव, की सातपूरची श्यामसुंदर, या वादात नाशिककरांनी जितका काळ घालविला आहे तितका पालिकेच्या कारभाराची चिकित्सा करण्यात घालविला असता तर शहराचे पुष्कळ भले झाले असते!

श्रमिकांच्या शहरांची न्याहारी

हा स्नेह केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. जेथे जेथे कारखाने उभे राहिले आणि माणसे घड्याळाच्या काट्यावर जगू लागली, तेथे तेथे घराबाहेर मिळणाऱ्या अशा स्वस्त, गरम आणि चमचमीत अन्नाची सोय निर्माण झालेली दिसते. इंग्लंडात १८६० च्या दशकात लंडन आणि लँकशायर या भागांत तळलेला मासा व बटाट्याच्या तळलेल्या फोडी एकत्र विकणारी दुकाने निघाली. लँकशायरच्या कापडगिरण्यांत पुरुषांबरोबर बायकाही कामाला जात. संध्याकाळी थकून आल्यावर चूल पेटविण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा गरम पुडा आणणे त्यांना परवडे. दुसऱ्या महायुद्धात त्या देशात लोणी, साखर, मांस या साऱ्यांवर नियंत्रण आले, पण हे खाणे नियंत्रणाबाहेर ठेवण्यात आले. कारण ते तोडले तर कामगारवस्तीचा धीर सुटेल, याची राज्यकर्त्यांना जाणीव होती. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ मध्ये उत्तर इंग्लंडातील बेकारीवर लिहिताना ज्या स्वस्त चैनींनी कष्टकऱ्यांचा असंतोष सौम्य ठेवला, त्यांत या दुकानांची गणना केली आहे. पुढे १९९२ मध्ये जॉन वॉल्टन या इतिहासकाराने इंग्लंडमधील कामगारवर्ग आणि हे खाद्य यांच्या नात्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आज तेथील पन्नाशी-साठीची माणसे आपल्या लहानपणीच्या त्या दुकानांविषयी ज्या गहिवराने बोलतात, तो ऐकला तर आपल्या कट्ट्यावरील मिसळपुराणाची आठवण व्हावी.

मुंबईच्या गिरणगावाचीही तीच कथा. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळींवर जगले. या खानावळी बहुधा बायका चालवीत. स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करीत आणि त्यासाठी सावकाराचे कर्ज काढीत. त्यांच्या श्रमाला नाव आणि पतपुरवठा मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांना १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारावे लागले. आमच्या नाशिकला गिरण्या नव्हत्या. पण १९२५ पासून नाशिक रोडला सरकारी मुद्रणालय होते, १९६४ पासून ओझरला विमानांचा कारखाना होता आणि पुढे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या. पाळीचा भोंगा आणि मिसळीची कढई यांचे नाते येथेही जुळले.

कारकुनाच्या पगारात किती ताटल्या?

आता हिशेबाकडे वळू. ‘अडीच रुपयांची मिसळ ऐंशी रुपयांना झाली, काय ही महागाई!’ असे आपण म्हणतो. १९८८ ते २०२४ या काळात औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, त्याच्या बदलत्या पायाभूत वर्षांची सांगड घालून पाहिला, तर सुमारे साडेअकरा पट वाढला. त्या मानाने अडीच रुपयांची मिसळ आज एकोणतीस रुपयांना मिळावयास हवी. प्रत्यक्षात मी ज्या साध्या हॉटेलात जातो तेथे ती ऐंशी रुपयांना मिळते, म्हणजे बत्तीस पट. गहिवरलेल्या मंडळींची तक्रार येथवर खरी ठरते.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. चौथ्या केंद्रीय वेतन आयोगानुसार १ जानेवारी १९८६ पासून कनिष्ठ लिपिकाचे प्रारंभीचे मूळ वेतन ९५० रुपये होते. सातव्या आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून ते १९,९०० रुपये झाले, आणि जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर ही रक्कम, घरभाडे वगैरे सोडून, २९,८५० रुपये झाली. म्हणजे सुमारे एकतीस पट. वर्षे तंतोतंत जुळत नाहीत हे मान्य. पण अंदाजास एवढे पुरे. त्या वेळी नव्याने लागलेला कारकून महिन्याच्या पगारात ३८० ताटल्या मिसळ खाऊ शकत होता. २०२४ च्या प्रारंभी तो ३७३ खाऊ शकत होता. चाळीस वर्षांत सात ताटल्यांचा फरक! मिसळ महागली खरी. पण कायम नोकरीतील कारकून, शिक्षक वा प्राध्यापक यांच्यासाठी ती महागलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

मग इतर वस्तूंच्या मानाने ती इतकी का वाढली? याचे एक कारण अर्थशास्त्रात सुपरिचित आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात असे दाखविले, की यंत्राने ज्या धंद्यांत एका माणसाचे उत्पादन दसपट होते तेथे मजुरी वाढली तरी वस्तू महाग होत नाही. परंतु जे काम माणसाच्या हातानेच व्हावयाचे, तेथे उत्पादन तेवढेच राहते आणि मजुरी मात्र इतरांच्या बरोबरीने वाढवावी लागते. घड्याळे, पंखे, दूरध्वनी स्वस्त झाले. न्हाव्याचे, शिंप्याचे आणि वाढप्याचे काम महागले. तांब्या घेऊन टेबलामागून टेबल फिरणारा माणूस १९८८ मध्ये तासाला जितक्यांना वाढू शके, तितक्यांनाच आजही वाढू शकतो. या नियमाने मिसळ महागणे अटळ होते.

वहीत नसलेली तीन खाती

तथापि एवढ्याने सारा उलगडा होत नाही. ती मिसळ अडीच रुपयांना का परवडत होती, याची आणखी तीन कारणे आहेत आणि ती अण्णांच्या उधारीच्या वहीत कोठेच नोंदलेली नव्हती.

पहिले कारण जागेचे भाडे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी जवळजवळ गोठली होती. १९९९ चा नवा कायदा २००० मध्ये अमलात आला, तरी जुन्या भाडेकरूंची भाडी फारशी हलली नाहीत. भाडेकरूला त्यामुळे आसरा मिळाला हे खरे. परंतु जे भाडे येई त्यात वाड्याच्या एका भिंतीची डागडुजीही होत नसे. आम्ही अडीच रुपयांत मिसळ खात होतो तेव्हा त्यातला काही भाग त्या वाड्याच्या तुळया भरीत होत्या. त्या कुजल्या तेव्हा आपण हळहळलो. पण त्या का कुजल्या, हे विचारले नाही.

दुसरे कारण अण्णांच्या पत्नीचे श्रम. त्या कधी हॉटेलात दिसल्या नाहीत. पण काळा मसाला त्यांच्या हातचा होता. मटकी भिजविणे, मोड आणणे, कांदा-खोबरे भाजून पाट्यावर वाटणे, हे सारे हॉटेलामागच्या अंधाऱ्या खोलीत पहाटे तीनपासून चाले. ज्या चवीसाठी आपण आज उसासे टाकतो ती चव ज्या हातांची होती, त्या हातांना मजुरी नव्हती. कारण ते ‘घरचे काम’ होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत गृहिणीच्या श्रमाची नोंद होत नाही, हे मी वर्गात दर वर्षी शिकवितो. ते प्रथम शिकलो ते मात्र पुस्तकातून नव्हे. आणखी एक गोष्ट या ओघात सांगितली पाहिजे. माझ्या आईने त्या हॉटेलच्या बाकड्यावर बसून एकदाही मिसळ खाल्ली नाही. गल्लीतील कोणत्याच बाईने खाल्ली नाही. कधीमधी सणासुदीला डबा पाठवून रस्सा घरी आणला जाई, तेवढाच. खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या ज्या समाजाचे वर्णन मी वर मोठ्या प्रेमाने केले, तो अर्ध्या समाजाचाच होता.

तिसरे कारण लिहिताना लेखणी अडखळते. हॉटेलात एक पोऱ्या होता. ताटल्या उचलणे, कडप्पा पुसणे, मागच्या मोरीवर कपबश्या विसळणे हे त्याचे काम. चौथीपर्यंत तो माझ्या वर्गात होता. गणितात माझ्यापेक्षा हुशार. पाचवीच्या वर्गात तो आला नाही, आणि पुढच्या रविवारी वडिलांबरोबर मिसळ खायला गेलो तेव्हा आमचे टेबल पुसायला तो आला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मीही त्याच्याकडे पाहिले नाही. वडिलांनी मिसळ मागविली आणि मी ती खाल्ली. चव नेहमीसारखीच उत्तम होती, हे मला आजही आठवते. आणि आठवते म्हणूनच बोचते. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ मध्ये झाला होता. पण हॉटेले आणि धाबे यांत चौदा वर्षांखालील मुले ठेवण्यास मनाई करणारा हुकूम अमलात आला तो १० ऑक्टोबर २००६ रोजी. तोवर आमच्यासारख्या लक्षावधी सुखवस्तू मुलांची न्याहारी आमच्याच वयाच्या मुलांच्या हातून स्वस्त होत राहिली.

या तीन खात्यांची बेरीज केली तर जुन्या मिसळीची खरी किंमत अडीच रुपयांहून बरीच अधिक भरेल. फरक इतकाच, की वरची रक्कम आम्ही भरत नव्हतो. पुढे मालकाला वाढपी म्हणून प्रौढ माणूस ठेवावा लागला, मसाला कुटण्याचे पैसे मोजावे लागले, नवी जागा चालू दराने घ्यावी लागली. तेव्हा जी भाववाढ झाली तिला निव्वळ महागाई म्हणणे योग्य नव्हे. तिच्यात थोडा न्यायही आहे.

कांद्याचे उदाहरण नाशिककरांना अधिक पटेल. कांदा कडाडला, की हॉटेलात ‘जादा कांदा मागू नये’ अशी पाटी लागते आणि चिरलेल्या कांद्यात कोबी दिसू लागतो. १९९८ मध्ये असे झाले, नंतरही अनेकदा झाले. गिऱ्हाईक म्हणून आपण कुरकुरतो. पण लासलगावची बाजारपेठ आपल्याच जिल्ह्यात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली. या महिन्यांत ताटलीतला कांदा मुबलक होता आणि निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याच्या घरी चिंता होती. स्वस्ताईचा आनंद साजरा करण्यापूर्वी तिचे बिल कोणाच्या नावावर फाडले गेले, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

मग हरवले काय?

येथे कोणी विचारील, की मग पूर्वीचे गेले ते सारे चांगलेच झाले काय? तसे मला म्हणावयाचे नाही. आज नाशिकची मिसळ पूर्वी कधी नव्हती इतकी प्रसिद्ध आहे. गंगापूर-सातपूरच्या बाजूला शेतमळ्यांतून प्रशस्त मिसळगृहे निघाली आहेत. मुंबई-पुण्याहून माणसे मोटारीने येतात. मुली, आया, आज्या तेथे मोकळेपणाने बसून खातात, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही मी त्या नव्या जागांना दुवा देईन. ताटात दही, पापड आणि गोड पदार्थही येतो. ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या दिमाखात झळकतात. ज्या धुराने अण्णांच्या पत्नीचे डोळे गेले, तो धूर आता शोभेची वस्तू झाला आहे! पण त्यात चूक कोणाची नाही. माणूस ज्या कष्टातून सुटतो त्याचे त्याला कौतुक वाटू लागते.

हरवले आहे ते बाकडे. शेतमळ्यातील मिसळगृहापर्यंत जायला वाहन लागते. शहराच्या मध्यावर, पायी जाता येईल अशा ठिकाणी, हमाल आणि मास्तर दोघांनाही बसता येईल अशी जागा लागत होती; ती दर वर्षी एकेकाने कमी होत आहे. १९९१ च्या जनगणनेत साडेसहा लाखांचे असलेले हे शहर २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांचे झाले. शहर वाढले, वस्त्या उत्पन्नानुसार वेगळ्या झाल्या आणि न्याहारीच्या जागाही वेगळ्या झाल्या. एकीकडे दीडशे रुपयांची थाळी, दुसरीकडे कारखान्याच्या दारातील हातगाडी. मधले टेबल उचलले गेले.

आणि ते केवळ जागेच्या भाड्याने उचलले गेले नाही. वर जो ३७३ ताटल्यांचा हिशेब मांडला तो कायम नोकरीतील माणसाचा होता. त्याच चष्म्यातून दुसऱ्या माणसाकडे पाहू. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाला २०२३ च्या प्रारंभापर्यंत महिना ६,००० रुपये मानधन मिळत होते. त्या वर्षी ते १६,००० झाले. म्हणजे आजच्या भावाने वाढीपूर्वी ७५ ताटल्या आणि वाढीनंतर २००. काम तेच, फळा तोच, मुलेही तीच. फक्त महागाई भत्ता नाही. १९८६ चा कनिष्ठ लिपिक या उमेदीच्या शिक्षकापेक्षा जवळजवळ दुप्पट मिसळ खाऊ शकत होता. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे माझे तरुण सहकारी, कचेऱ्यांतील कंत्राटी लेखनिक, कारखान्यांतील ठेकेदाराची माणसे या साऱ्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच. पूर्वी बाकड्यावरील माणसांच्या मिळकतींत अंतर होते. आज एकाच शिक्षककक्षातील दोन खुर्च्यांत अंतर पडले आहे.

महाविद्यालयाजवळच्या हॉटेलात मधल्या सुटीत आम्ही जातो तेव्हा मला हे दिसते. कायम नोकरीतील आम्ही मिसळ मागवितो. तासिकेवरचा सहकारी ‘आज भूक नाही’ म्हणून चहा घेतो. पहिल्या एक-दोन वेळा ते खरे वाटते. मग लक्षात येते, की भूक आठवड्याचे पाच दिवस नसते असे होत नाही. बिल आम्ही देऊ केले तर त्याचा मान दुखावतो. न द्यावे तर आमचा घास अडकतो. अण्णांच्या हॉटेलात मी ज्याच्याकडे पाहिले नाही त्याची आठवण अशा वेळी हटकून होते.

करता येण्याजोगे

उपाय सोपे नाहीत, पण अगदीच अदृश्यही नाहीत. पथविक्रेत्यांविषयीचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये झाला. त्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असण्याची आणि पन्नास वर्षांहून जुने नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून राखण्याची तरतूद आहे. जुन्या गल्लीतील भाड्याच्या ओसरीतले हॉटेल या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पण त्यामागील तत्त्व त्यालाही लागू करता येईल. महापालिका जी व्यापारी संकुले बांधते त्यांतील काही गाळे लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला न देता, पायी येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी लहान उपाहारगृहे चालविणाऱ्यांना, महिलांच्या बचत गटांना, रास्त भाड्याने देता येतील. रास्त भाडे म्हणजे गोठलेले भाडे नव्हे. भिंतीची डागडुजी होईल इतके, आणि मिसळ सर्वांना परवडेल इतकेच. शहरात सिंहस्थ येतो तेव्हा रस्ते रुंद होतात आणि जुन्या बाजारपेठांच्या कडा खरवडल्या जातात. २०२७ च्या सिंहस्थासाठी नकाशे आखणाऱ्यांनी हलविल्या जाणाऱ्या दुकानदाराला पर्यायी जागा जवळच मिळेल एवढे पाहावे. गिऱ्हाईक तुटले की लहान हॉटेल तुटते. ते तीन मैलांवर नेऊन पुन्हा रुजत नाही.

परंतु याहून मोठा उपाय पालिकेच्या हातात नाही. तो सरकारच्या, संस्थाचालकांच्या आणि काही अंशी आपल्या संघटनांच्या हातात आहे. कायम नोकरांच्या संघटना आपल्या भत्त्यासाठी लढल्या, हे योग्यच झाले. त्या लढ्यामुळेच आपल्या ३७३ ताटल्या शाबूत आहेत. पण शेजारच्या खुर्चीवरील माणसाच्या मानधनाला निर्देशांकाची जोड मिळावी, ही मागणी आपल्या ठरावांत किती वेळा आली? आपली स्वस्ताई पूर्वी एका न दिसणाऱ्या बाईने आणि एका शाळा सुटलेल्या मुलाने पेलली. आज शाळा-महाविद्यालयांचा स्वस्त कारभार कंत्राटी माणसांनी पेलला आहे. नावे बदलली, वहीत न लिहिलेले खाते तसेच चालू आहे.

जुन्या चवीची आठवण काढू नये, असे मी म्हणणार नाही. काळ्या मसाल्याचा तो वास अजूनही एखाद्या पहाटे स्वप्नात येतो आणि जाग आल्यावर क्षणभर गल्ली ओळखीची वाटते. मात्र आठवण काढायचीच असेल तर ती पुरी काढावी. तिच्यात रस्सा वाढणारे अण्णा असावेत, तसेच मागच्या खोलीतील त्यांच्या पत्नी असाव्यात आणि ओल्या फडक्याने टेबल पुसणारा माझा वर्गमित्रही असावा. अण्णांची एक गोष्ट तेवढी जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. ताटलीतला रस्सा संपत आला की ते मागण्याची वाट पाहत नसत. समोरच्याला मागावे लागू नये, हाच त्यांच्या वाढण्याचा नियम होता. पगार, मानधने आणि जागा यांची वाटणी करणाऱ्यांनी आणि ज्यांच्या वाट्याला पुरेसे आले आहे अशा आपण साऱ्यांनी एवढा नियम पाळला, तरी ते बंद पडलेले बाकडे पुन्हा मांडता येईल.